अजून एक मागव

"अजून एक मागव, बाय."

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून काका असं म्हणाले की माझं डोकं फिरायचं. वसईतलं माझं दुकान वह्या, गाइडं आणि रिफिलींवर चालतं. त्यात या एका माणसासाठी मी मेक्सिकोकडच्या माया लोकांच्या पुराणकथांचं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागवत होते, तेही स्पॅनिशमधलं. मुंबईचा आयातदार फोनवर विचारायचा, "पुन्हा तेच? तिकडे कुणी स्पॅनिश शाळा काढलीय का?"

काकांची नोकरी जहाजावर झालेली. स्पॅनिश तिथलंच. निवृत्तीनंतर दर रविवारी संध्याकाळी ते ओट्यावर बसून एकेक कथा गावच्या बोलीत सांगत. रोझरीची प्रार्थना आटोपून गल्लीतल्या म्हाताऱ्या ऐकायला येत. पुढचं पान काका स्वतःही आधी वाचत नसत. "आधीच कळलं तर सांगण्यात काय मजा? आणि फोनवर शेवट बघणाऱ्याने माझ्या ओट्यावर यायचं नाही."

एवढं असून पुस्तक घरात टिकेल तर शपथ! त्यांच्या घरातून कुणी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही जुनी रीत. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. वाडी होती तोवर केळ्यांची फणी दिली जायची. वाडीवर इमारत उभी राहिली, रीत मात्र हलली नाही. तुळिंजहून पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस मुखपृष्ठ बघून "भारी आहे" म्हणाला, पुस्तक त्याच्या पिशवीत गेलं. पुढची प्रत एका नव्या नवरीला.

"अहो, त्यांना स्पॅनिश येतं का?"

"केळी देताना विचारायचो का, पचतील का म्हणून?"

मी म्हटलं, झेरॉक्स काढून ठेवते. "देव झेरॉक्समधून बोलत नाहीत, बाय." एकदा वैतागून मी दोन प्रती एकदम मागवल्या. त्या रविवारी पाहुणेही दोघे आले.

शेवटची प्रत वाटली गेली तेव्हा गोष्टीतले जुळे भाऊ पाताळात उतरले होते, मृत्यूच्या देवांशी चेंडूचा सामना खेळायला.

"लवकर मागव. म्हाताऱ्या माझा जीव खातात. पोरं खाली अडकलीत."

"तुम्हीच अडकवलीत," मी म्हटलं.

प्रत आली त्याच आठवड्यात काका गेले. आयातदार माल परत घेत नाही. काकींना तरी द्यावं म्हणून पुस्तकाचं पाकीट पिशवीत टाकून मी त्यांच्याकडच्या प्रार्थनेला गेले.

ओट्यावर त्याच म्हाताऱ्या बसलेल्या. त्यांतल्या सगळ्यांत थकलेल्या आजीने माझा हात धरला.

"बाय, पुस्तक आलं?"

"आलं."

"मग सांग ना गं, ती पोरं वर आली का?"

मला स्पॅनिशचं अक्षर येत नाही. पाकीटही फोडलेलं नव्हतं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काकांचा त्या क्षणी आला तेवढा राग मला कधीच आला नव्हता.

"आली," मी म्हटलं. "दोघंही आली."