कारभाऱ्याची न्याहारी

समजा, तुमच्या हातात एक जुनी सुती साडी आहे. धुवून धुवून मऊ झालेली. तिच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या. तीन पट्ट्या एकत्र घेऊन टोकाला गाठ मारायची, ती गाठ पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि वेणी घालत जायचं. वेणी घट्ट हवी. सुटे धागे राहून चालत नाही, कारण ते पोटात गेले तर आतड्यात अडकतात. मग वेणीच्या पेडांत भाकरीचे छोटे तुकडे खोचायचे. हे सगळं चाललेलं असताना समोर एक कुत्रा बसलाय. सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही. तो तुमच्या हाताकडे बघतो, मग तोंडाकडे, मग परत हाताकडे. आणि तुम्हाला ती वेणी त्याच्या पुढ्यात ठेवायची नाही. ती त्याच्या नकळत कपाटामागं नेऊन लपवायची आहे.

जमेल?

अंबूबाईंना जमत नव्हतं. वेणीपर्यंत सगळं यायचं. दावी आणि कासरे वळण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळं त्यांच्या वेणीतून एक धागा सुटायचा नाही. पण लपवायची वेळ आली की त्यांचा हात थांबायचा.

अंबूबाई गडहिंग्लजच्या बाजूच्या. त्यांना सगळे आक्काच म्हणतात, त्यांचा मुलगा उदयसिंहसुद्धा. नवरा जोतीराम गेल्यावर त्यांनी शेत वाट्यानं दिलं, उरलेली म्हैस दिराच्या गोठ्यात बांधली आणि कोल्हापुरात कळंब्याजवळ मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. येताना त्यांची एकच अट होती, की कारभारी बरोबर येणार. कारभारी हा त्यांचा गावठी कुत्रा, तांबडा, एक कान मोडलेला. पिल्लू असल्यापासून शेतात जिथं काम चाललेलं असेल तिथं बांधावर जाऊन बसायचा आणि सगळ्यांवर नजर ठेवायचा, म्हणून गड्यांनी हे नाव पाडलं. पुढं कुणी दारात येऊन "कारभारी हायत का घरात?" असं विचारलं की जोतीरामांच्या आधी कुत्राच उठून बाहेर यायचा.

तिसऱ्या मजल्यावर कारभाऱ्याला देखरेख करायला काहीच नव्हतं. सुरुवातीला तो दाराशी नुसता पडून राहायचा. मग लिफ्टच्या आवाजाला भुंकायला लागला. मग चपला, मग सोफ्याचा कोपरा. शेवटी तो आपलाच पुढचा पाय चाटत बसायला लागला, इतका की केस जाऊन आतलं मांस दिसायला लागलं. जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घातली आणि उदयसिंहची बायको क्रांती हिला सांगितलं, की दुखणं कातडीचं नाही, याला काम नाही.

खालच्या मजल्यावर श्यामलाबाई राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दुपारी कॉम्प्युटरसमोर बसून मुलांची शिकवणी घेतात. त्यांच्या डोक्यावर दिवसभर नखांची खरखर आणि भुंकणं. दोनदा वर येऊन त्या नीट बोलल्या. तिसऱ्यांदा सोसायटीच्या बैठकीत बोलल्या. दसऱ्यापर्यंत सुधारणा झाली नाही तर कुत्र्याची दुसरीकडं सोय करावी, असं ठरलं. दुसरीकडं म्हणजे कुठं, हे उदयसिंहनं चुलतभावाशी फोनवर बोलून पक्कं केलं होतं. गावी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी साखळीनं बांधायचं. आक्कांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, तिथं आठवण झाली तर भाकरी मिळंल आणि न्हाय झाली तर पावसाचं पाणी.

मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या भागांची डिझाइनं करते. "याला काम नाही" हे डॉक्टरांचं वाक्य क्रांतीकडून ऐकलं आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. वाचायला लागले. प्राणिसंग्रहालयात अस्वलाला, माकडाला खाणं आयतं न देता शोधायला लावतात, त्यानं ती स्वतःलाच चावायची थांबतात, असं जागोजागी लिहिलेलं होतं. मला ते एकदम पटलं. जाड प्लॅस्टिकच्या पाइपचा एक तुकडा कापला, दोन्ही तोंडांना टोपणं बसवली, भोकं पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या. आत भाकरीचे तुकडे. कुत्र्यानं पाइप लोळवला की एकेक तुकडा बाहेर पडणार.

कारभाऱ्यानं पाइप हुंगला, माझ्याकडं बघितलं आणि परत पाय चाटायला बसला.

मला वाटलं, भोकं लहान झाली. मोठी केली. मग वाटलं, पाइप जड आहे. हलका केला. मग आतला माल बदलला. क्रांतीनं कलेजी उकडून वाळवून दिली. त्यानं एक तुकडा खाल्ला, तोही मी हातानं दिलेला. गणपती येऊन गेले. वर्कशॉपमधले लोक विचारायला लागले, की पावणं जेवलं का आज.

चूक सापडली ती एका सकाळी लवकर बाहेर पडताना. समोरचं दार उघडं होतं. आक्का अजून तोंडसुद्धा न धुता ओट्यापाशी उभ्या होत्या आणि कारभाऱ्याच्या थाळीत एक अख्खी भाकरी दुधात कुस्करत होत्या. त्यानं ती चाटूनपुसून संपवली. मग आक्कांनी चहाचं आधण ठेवलं.

मी विचारलं, हे रोज? त्या म्हणाल्या, रोज. त्यात लपवण्यासारखं काही होतं असं त्यांना वाटतच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच. त्यांच्या घरात जनावराच्या पुढ्यात वैरण पडल्याशिवाय कुणी चहाला तोंड लावलेलं नाही. बेंदराला बैलानं पोळी खाल्ल्यावरच माणसांची पानं वाढायची. उदयसिंहच्या जन्माच्या दिवशी कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा त्या आधी म्हशीला पेंड घालून मग दवाखान्याच्या गाडीत बसल्या होत्या.

म्हणजे मी जिथं भोकांची मापं बदलत होते, तिथं कुत्रा पोटभर न्याहारी करून बसलेला असायचा.

मी समजावून सांगितलं. तीच भाकरी, तेवढीच, फक्त थाळीत नाही. आक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोटासाठी त्येला नाचवू व्हय मी? माकडवाल्याचं काम हाय ते."

मी पाइप बाजूला ठेवला. मी वेणीचा एक प्रकार दाखवला, तो त्यांनी माझ्यापेक्षा चांगला करून दाखवला, भाकरीही खोचली. आणि मग ती वेणी सरळ कारभाऱ्याच्या पुढ्यात ठेवली, वर एकेक तुकडा बोटानं काढूनही दिला. क्रांती हसली. उदयसिंह हसला नाही. तो म्हणाला, आक्का, दसरा आलाय.

त्याच आठवड्यात दिराच्या घरी पितरांचा म्हाळ होता. आक्का एसटीनं गेल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या. पिशवी घरात न ठेवता त्यांनी आधी माझं दार वाजवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. जावेनं आता कोंबड्यांना जाळीचा खुराडा केलाय. आत पत्र्याच्या लांब ताटल्या, त्यात दुकानातलं खाद्य, काठोकाठ. आक्का दुपारी तिथं सावलीला बसल्या होत्या. एक कोंबडी ताटलीत चढली. पुढ्यात ढीग होता. पण ती तो खाईना. दोन्ही पायांनी मागं उकरून तिनं दाणे बाहेर भुईवर उडवले, खाली उतरली आणि मग ते मातीतून एकेक वेचून खाल्ले. संपले की परत वर. जाऊ म्हणाली, असंच करत्यात, खाद्याची नासाडी. आक्का मात्र तिथून उठल्याच नाहीत. म्हाळाची पंगत बसली तरी त्या खुराड्यापाशी होत्या.

"कारभाऱ्याला गावाकडंबी मी भाकरी घालतच हुतो की," त्या मला म्हणाल्या. "ती खाऊन त्यो रानात जायचा. दिसभर उंदराची बिळं उकरायचा. नाकाला चिखल लावून यायचा. भाकरी माझी हुती, पन रान त्येचं हुतं. हितं मी नुसती भाकरी घिऊन आलो."

पिशवीतून त्यांनी एक वस्तू काढली. दोरीची विणलेली छोटी जाळीदार टोपली, जोतीरामांच्या हातची. मुसकी म्हणतात तिला. पिकातून औत चालवताना बैलाच्या तोंडाला बांधतात, म्हणजे तो चालता चालता पीक खात नाही. आक्कांनी ती हातात फिरवली. तोंड आणि खाणं लांब ठेवायसाठी केलेली ही, त्या म्हणाल्या, आता बघू उलटं काम करती का. पण जुनी दोरी कुसली होती, तिचे तंतू निघत होते. त्यांनी ती खिळ्याला अडकवली आणि तिच्याकडं बघत बघत साडीच्या वेणीची नवी विणली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आक्कांनी भाकरीचे तुकडे केले. काही मुसकीत कागदाच्या बोळ्यांखाली, काही वेणीत, काही नुसते. त्यांनी ते चपलांच्या मांडणीखाली, पायपुसण्याखाली, कुंडीमागं ठेवले. तेवढा वेळ कारभाऱ्याला मी बाहेर जिन्यात धरून ठेवला होता. मग दार उघडलं.

तो थेट थाळीपाशी गेला. थाळी रिकामी होती. आक्कांसमोर येऊन बसला. कण्हला. आक्का खुर्चीत बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत आवळून. क्रांतीनं विचारलं, चहा टाकू का? आक्का म्हणाल्या, "त्येचं हुंदे आधी."

म्हणजे नियम त्यांनी मोडलाच नव्हता. आधी जनावर, मग आपण. फक्त आता जनावराला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ त्या स्वतःही उपाशी बसणार होत्या. माकडवाला असा बसत नाही.

बराच वेळ काही झालं नाही. उदयसिंह दोनदा उठला, आक्कांनी त्याला हातानं खाली बसवलं. मग कारभाऱ्याचं नाक हललं. मोडका कान थोडा वर आला. तो पायपुसण्यापाशी गेला, त्याचा कोपरा उलटला आणि तुकडा उचलला. त्यानंतर त्याला आमची गरज राहिली नाही. भिंतीकडेनं हुंगत, थांबत, मागं येत त्यानं सगळं घर पालथं घातलं. शेवटी मुसकी तोंडात धरून तो दिवाणखान्यात आला आणि सगळ्यांच्या मधून असा चालत गेला, जणू बांधावरून पाहणी करून आलाय. मुसकी दोन पायांत धरून त्यानं कागद उपसला आणि भाकरी काढली.

आक्कांनी चहा घेतला तेव्हा दहा वाजून गेले होते.

पुढं प्रकार वाढत गेले. नारळाच्या करवंट्या, रिकामं खोकं आणि त्यात फडक्यांचे बोळे, खिसे शिवलेली जुनी गोधडी. गच्चीवर त्याच्यासाठी लाल भोपळ्याच्या फोडी वाळू लागल्या. माझा पाइपसुद्धा उपाशी कुत्र्यापुढं नीट चालला, याचं मला बरं वाटलं. एकच गोष्ट आक्कांना जड गेली. रविवारच्या रश्शात भाकरी बुडवून द्यायची त्यांची सवय. कांदा, लसूण, मीठ, बेदाणे यातलं काही कुत्र्याला नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, मग कोल्हापुरात जन्माला येऊन ह्येनं केलं काय?

पायावर आधी खपली धरली, मग लव आली. भुंकणं पूर्ण गेलं नाही, पण लिफ्ट आली तरी कित्येकदा तो खोक्यातून डोकंच बाहेर काढायचा नाही.

दसरा चार-पाच दिवसांवर आला तेव्हा श्यामलाबाई वर आल्या. आम्हाला वाटलं, तक्रार. त्या म्हणाल्या, आवाज येत नाही म्हणून विचारायला आले, पाठवलात का त्याला? आक्कांनी आत बोट केलं. कारभारी गोधडीच्या खिशात नाक घालून बसला होता. श्यामलाबाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, की हे मांजराला चालतं का. त्यांची मंजुळा दिवसभर झोपते आणि पहाटे पडद्यांवर चढते. आक्कांनी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कागदाचे बोळे भरून दिले आणि आत सुकट घाला म्हणाल्या. श्यामलाबाईंच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ट्रे त्यांनी घेतला. सुकट आक्काच आणून देतात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि दोघीही जिन्यात त्याविषयी बोलत नाहीत. दसऱ्याला श्यामलाबाई पहिल्यांदाच सोनं द्यायला आमच्या मजल्यावर आल्या. कुत्र्याचा विषय बैठकीत परत निघाला नाही.

परवा मी आक्कांकडं बसले होते. त्या लसूण सोलत होत्या, मोठी परात भरून. क्रांती ऑफिसला जाताना रोज काहीतरी ठेवून जाते. कधी शेंगा, कधी निवडायची मेथी, कधी लसूण. कारभारी घरभर हुंगत होता. त्याला पाचातले चार तुकडे मिळाले होते आणि आक्कांचा चहा अजून व्हायचा होता.

"फ्रिजमधी सोललेल्या लसणाचं पाकीट हाय," आक्का म्हणाल्या. "मला दिसतंय की."

मग कशाला सोलताय, असं मी विचारलं. त्यांनी सोललेली एक पाकळी परातीत टाकली, दुसरी घेतली. कारभारी कपाटामागं गेला. तिथं तुकडा नाही, हे आम्हाला दोघींना माहीत होतं. तो तिथून बाहेर आला, आक्कांकडं बघितलं आणि शेपूट एकदा हलवून परत शोधायला लागला.

आक्कांचे हात थांबले.

"त्येला ठावं असंल का गं," त्या म्हणाल्या, "मीच लपवतोय म्हणून? का माझ्यासाठी हुडकतोय त्यो?"