भाव येईपर्यंत

आमच्या आष्टीत सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात चहा प्यायला बसलं की कुणी कापसाचा भाव सांगतं, कुणी सोयाबीनचा. आमचे दाजी मात्र तेलाच्या पिंपाचा भाव सांगायचे. चष्मा कपाळावर चढवायचे, मोबाइल हातभर लांब धरायचे आणि जाहीर करायचे, "आज ब्यारल उतरलं." जणू ते ब्यारल आत्ताच परतूरहून आलेल्या गाडीतून उतरलं आहे आणि कुणीतरी जाऊन त्याची बॅग धरायला हवी. त्यावरून अख्खं गाव त्यांना ब्यारलदाजी म्हणू लागलं. खरे दाजी ते माझेच, थोरल्या बहिणीचे नवरे.

गाव त्यांचं केदारखेडा. पण आखातात तेलाच्या विहिरींवर पाइप फिटर म्हणून लागले तेव्हा अक्का एकटी पडू नये म्हणून त्यांनी आमच्या शेजारीच घर बांधलं आणि थोडं रानही इथंच घेतलं. सासरवाडीला राहतो म्हणून लोक चिडवायचे. त्यावर ते म्हणायचे, "मी कुठं राहतो? मी तर समुद्रापल्याड राहतो. इथं माझं घर राहतं." मला ते 'पाव्हणं' म्हणायचे. मी भिंतीपलीकडचा, गावात असलो की त्यांच्याच ताटात जेवणारा, तरी पाव्हणंच.

सुट्टीवर आले की हॉटेलात त्यांना एक प्रश्न हमखास यायचा. "दाजी, ब्यारल उतरलं तर आपल्या पंपावरचं पेट्रोल काऊन उतरत न्हाई?" दाजी शांतपणे बशीतला चहा संपवायचे. "ते मला नका इचारू. मी इहिरीवरचा माणूस हाये, पंपावरचा न्हाई." पण ब्यारल का उतरतं हे मात्र ते छान समजावून सांगायचे. "तिकडले देश म्हणजे बांधाला बांध लागलेले भाऊबंद. एकमेकांवर डोळे वटारतेत, आन् त्याचं गिऱ्हाईक आपल्याला मिळावं म्हणून दोघंबी नळ सोडून देतेत. तेल झालं बक्कळ, घेणारे तेवढेच. मंग भाव उतरंल न्हाई तर काय व्हईल?" आणि भाव उतरला की नव्या विहिरी बंद, विहिरी बंद की फिटर घरी. एवढं साधं होतं ते. मी जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहे. मंदी आली की भट्टी कशी गार पडते ते मला ठाऊक आहे. पण समुद्रापल्याडची भट्टी गार पडली म्हणून आष्टीतला माणूस बाजेवर बसून राहतो, हे मी दाजींमुळं पहिल्यांदा पाहिलं.

दाजींची दुसरी खोड म्हणजे कापूस. कापूस कधीच त्यांनी वेचणीबरोबर विकला नाही. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवायचा आणि भाव येईपर्यंत हात लावायचा नाही. आमच्याकडं पुष्कळ लोक ठेवतात, पण होळी झाली की कंटाळून विकतात. दाजींचा कापूस उन्हाळा बघायचा. त्या कापसातले बारीक किडे अंगावर चढायचे, घरादाराला खाज सुटायची. अक्का कोपरं खाजवत भाकरी थापायची आणि म्हणायची, "औंदा भाव येईल का न्हाई ठाव न्हाई, मला मात्र इसब येईल." एका वर्षी तर कापूस पिवळा पडला आणि व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. दाजी म्हणाले, "चार दिस जल्दी केली आपण. अजून थांबायला पायजे व्हतं." अशा माणसाशी काय बोलणार?

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर ते सुट्टीवर आले. सुट्टी संपत आली तेव्हा कंपनीचा निरोप आला, की काम कमी आहे, आत्ता येऊ नका, बोलावू तेव्हा या. नोकरी गेली असंही म्हटलं नाही आणि आहे असंही नाही. दाजींनी बॅग भरून दाराशी ठेवली. त्यात कंपनीचे बूट, अक्काच्या हातचा तिखटाचा भुरका आणि कागदपत्रं. ती बॅग तिथंच राहिली. घरातले सगळे तिला वळसा घालून जायचे. झाडताना अक्का ती उचलायची आणि पुन्हा नेमकी त्याच जागी ठेवायची.

हळूहळू दाजीही त्या बॅगेसारखे झाले. रानात रेंज नाही म्हणून रानात जाईनात. पिंपळगाव रेणुकाईला सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं, तर तिथंही गेले नाहीत. म्हणाले, "हळदीच्या गडबडीत फोन आला आन् ऐकू नाही आला, तर?" बाजेवर बसायचे तेही काठावर, उठायच्या बेतात. हसणं, चिडवणं होतं, पण दाराकडं पाठ करून ते कधी बसले नाहीत.

मला ते बघवेना. आमच्या कारखान्यात मेंटेनन्सच्या फिटरची जागा रिकामी होती. शेठजी पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात राहिलेले मारवाडी, शब्दाचे पक्के. मी दाजींचं नाव काढलं तसे म्हणाले, "घेऊन या त्यांना. कायम करून टाकू. पण महिनाअखेरपर्यंतच थांबतो बरं का." मी धावतपळत आष्टीला आलो आणि ओसरीवर पाय ठेवता ठेवताच सांगितलं. अक्काचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं काम. जालना म्हणजे काय, रविवारी माणूस घरी!

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग मधल्या खोलीचं दार लोटलं आणि कापसाकडं बोट केलं. "पाव्हणं, मी बी त्येच हाये. घरातला कापूस. आत्ता भाव पडलाय म्हणून कुणालाबी इकून टाकू का? तिकडं नुसती ठिणगी पडू द्या, ब्यारल कसं चढतं बघा. मंग कंपनी पळत येईल." मी वाद घातला, रागावलो, नको ते बोललो. ते म्हणाले, "तुमचं बराबर हाये. पण थांबून कुणाचं नुकसान झालंय?" पिवळ्या कापसाची आठवण माझ्या ओठांवर आली होती, ती मी गिळली. अक्काकडं बघून गिळली.

महिना संपला, जागा भरली. आणि खरोखर तिकडं ठिणगी पडली. दोन देश एकमेकांवर आग टाकू लागले. दाजी टीव्हीसमोरून हलेनात. ब्यारल चढायला लागलं तसे त्यांचे डोळे चमकायला लागले. "चढलं! अजून चढणार!" असं ते मांडीवर थाप मारून म्हणाले, तेव्हा अक्का हातातलं पातेलं खाली ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली. "आवं, कुणाच्या लेकरांच्या डोक्यावर आग पडून राह्यलीय, आन् तुम्हाला भाव दिसून राह्यलाय?" दाजी एकदम विझले. टीव्ही बंद करून बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, "पाव्हणं, लढाई लागावी म्हणून वाट बघणारा माणूस झालो मी. असा नव्हतो."

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा फोन आला, ताबडतोब या म्हणून. आणि त्याच दिवशी विमानं बंद झाली. ज्या लढाईनं भाव चढवला तिनंच आभाळाला कुलूप लावलं. दाजी बूट घालून ओसरीवर बसून राहिले. मग लढाई थांबली, विमानं सुरू झाली आणि ब्यारल जिथं होतं त्याच्याही खाली आलं. हॉटेलात कुणीतरी विचारलं, काय म्हणतं ब्यारल? दाजी म्हणाले, "भाव व्हता तव्हा इमान नव्हतं. इमान हाये तव्हा भाव न्हाई." सगळे हसले, तेही हसले. चष्मा मात्र कपाळावरून खाली आणला नाही, नजर मोबाइलवरच.

तेवढ्यात त्यांच्या तिकडं राहायच्या परवान्याची मुदत संपत आली. त्याआधी परत पोचलं नाही तर तिकडचं दार कायमचं बंद. कंपनी म्हणाली, काम सध्या नाही, पण येऊन कामगारांच्या कॅम्पात थांबा, अर्धा पगार देऊ. इकडची जागा गेलेली, तिकडची नावापुरती. इकडं आड, तिकडं विहीर. मी तसं म्हटल्यावर दाजी म्हणाले, "आमची तर इहीरबी बंद हाये." आणि निघाले.

परतूरच्या स्टेशनवर मी, अक्का आणि ते. गाडी आली तेव्हा त्यांनी बॅग उचलली, अक्काला फक्त एवढंच म्हणाले, "कापसाला हात नको लावू. भाव येऊ दे." अक्कानं मान हलवली. गाडी गेल्यावर ती कोपर खाजवत कितीतरी वेळ फलाटावर उभी होती.

तिकडं पासपोर्ट कंपनीच्या कपाटात गेला. कॅम्पाच्या खोलीत एकावर एक पलंग, खिडकीतून कुंपण, काम नाही. अर्धा पगारही पुढं थांबला. परत पाठवा म्हटलं तर कंपनी म्हणे, थांबा, काम येईल. दाजींचा फोन यायचा, पण ब्यारलाचं नाव नसायचं. कुणी बैल धुतले, कुणाची म्हैस व्याली, असलंच विचारायचे.

पोळ्याच्या सुमारास एकदा फोन आला तेव्हा मी अक्काकडंच होतो. अक्कानं मोबाइल दोघांना ऐकू येईल असा धरला. दाजींनी विचारलं, "कापूस इकला का?"

"न्हाई. तुम्ही म्हणला व्हता ना, भाव येऊ द्या. पिवळा पडून राह्यलाय, पण हात न्हाई लावला."

दाजी म्हणाले, "इकून टाक. आजच्या आज. जो भाव येईल तो घे, पण घरात नको ठिवू त्याला. पाव्हणं हायेत का तिथं? त्यांना म्हणावं, बाहेर काढा त्याला."

त्याच दुपारी मी टेम्पो आणला. अक्का आणि मी मिळून सगळा कापूस बाहेर काढला, खोली झाडली, पाणी मारून धुतली, खिडकी उघडी टाकली. संध्याकाळी अक्कानं तिथं सतरंजी अंथरली आणि कितीतरी महिन्यांनी आम्ही त्या खोलीत बसून जेवलो. दाजी अजून तिकडंच आहेत.