एक धोटा, दोन दारं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. मी बीएस्सी फिजिक्स, फर्स्ट क्लास. भिवंडीजवळच्या आमच्या टेमघरच्या भावकीत पहिला. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय...

२००५ चा मे, भर दुपार. घरामागे आमची चार लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड. लाइट गेलेली. लाइट गेली की लूम बंद करायचे असतात, पण ती परत आल्याचं कळावं म्हणून एक चालूच सोडायचा. भिवंडीत सगळेच सोडतात. आम्हीही सोडला होता.

दादाला शेड पाडून जागा गोडाऊनला द्यायची होती. बाबा म्हणाले, "मी मेल्यावर दे. तवर न्हाय."

"मग मरा की लवकर," दादा म्हणाला.

बाबांनी चामडी पट्टा त्याच्या तोंडावर ओढला. ओठ फाटला. दादाने त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं. मी मध्ये पडलो, दादाला शेडच्या डाव्या दाराबाहेर ढकललं, बाबांना उजव्या. मध्ये चार हात भिंत. तर दादाने बाहेरचा लोखंडी पाना उचलला, बाबांनी वीट, आणि दोघेही आपापल्या दारात आले. आता एक जण मरणार, हे मला कळलं... आणि लूमपाशी उभ्या उभ्या मी डोळे मिटले.

तेवढ्यात लाइट आली. चालू सोडलेला लूम हिसडला आणि धोटा — आडवा धागा नेणारं ते लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी अणी — दारांच्या दिशेने उडाला. आवाज एकच झाला.

डोळे उघडले तर दोघेही पडलेले. दोघांचाही उजवा डोळा फुटलेला.

बाकी तीन धोटे जागेवर होते. हा अंगणात, दोन्ही अण्यांना रक्त. त्याचा धागा डाव्या दारातून गेलेला. ओढला, धोटा हलला. उजव्या दारातही धागा होता... ओढला, धोटा हलला.

ठाण्याचे डॉक्टर दोघांबद्दल तेच म्हणाले — डोळा गेला, पण जीव वाचला. पूर्ण जोराने बसता तर मेंदूत शिरला असता.

समोर दोन फटी असल्या आणि कोणी पाहत नसेल, तर इलेक्ट्रॉन लाटेसारखा दोन्ही फटींतून जातो, पाहिलं की एकाच फटीतून. एवढ्या मोठ्या वस्तूत हे दिसत नाही, असं परीक्षेत मीच लिहिलंय. मार्क मिळालेत. आजही तेच लिहीन.

शेड अजून उभी आहे. बाबांनी एकदा विचारलं, "तू तिथंच व्हतास. आधी कोनाला लागला?"

मी बघत नव्हतो, म्हटलं.

"आन बघितलं असतंस तर?"

तर धोटा एकाच दारातून गेला असता, पूर्ण जोराने. दोघांचा आवाज चढला, की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.