वायर न लावता

काराकोलमध्ये बुरुलला लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे ती मुलांच्या संगीतशाळेत चोवीस वर्षं शिकवते आहे आणि बेसूर पोरावर तिने कधी आवाज चढवलेला नाही. दुसरी म्हणजे ती मनात धरून ठेवते. शेजारच्या बाईने सत्त्याण्णव साली नेलेली कढई वाकवून परत दिली, ती आजही बुरुलच्या ओट्याखाली तशीच वाकडी ठेवलेली आहे. वापरत नाही, टाकतही नाही.

अशा बाईच्या वाटेला कुबातने जायला नको होतं. पण कुबात-आकेला, म्हणजे कुबातदादाला, स्वतःच्या आवाजापलीकडे फारसं काही ऐकू येत नसे.

एकोणीस वर्षं ती त्याच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवत होती. लग्नं, बारशी, साठीचे समारंभ, इसिक-कुल सरोवराच्या त्या काठावर नाच म्हटला की कुबातचा वृंद. तो मधे उभा राहून गायचा, ही मागे ढोलाच्या शेजारी. गिटार वृंदाची होती, म्हणजे कुबातची. तो दुसऱ्या ओळीच्या वरच्या सुराला नेहमी जरासा खाली बसायचा. बुरुल अर्धा क्षण आधी तो सूर तारेवर ठेवायची, की हा त्याच्यावर पाय देऊन वर चढायचा. दोघांत यावर कधी बोलणं झालं नाही. त्याला ते ठाऊक असेल असं ती धरून चालली होती.

मार्चमध्ये एका पशुवैद्याच्या साठीला ती दोन तास वाजवत होती. हाताला काहीतरी पोकळ लागत होतं, पण स्पीकर जुना, दालन मोठं, म्हणून तिने मनावर घेतलं नाही. वाजवून झाल्यावर वादक जेवायला बसले. मटणाचं ताट मधे आलं आणि कुबात पेला घेऊन उभा राहिला. पाहुणेही ऐकत होते.

"आज एक गंमत केली," तो म्हणाला. "बुरुलची वायर मी सुरुवातीलाच स्पीकरमागून काढून ठेवली होती. कुणाला कळलं का? बुरुललासुद्धा नाही."

मग त्याने सगळं फोड करून सांगितलं. हिवाळ्यात सरावाला उपयोगी पडेल म्हणून त्याने बुरुलचं वाजवणं आपल्या नव्या कीबोर्डमध्ये भरून घेतलं होतं. आज तेच सोडलं. यंत्राला जेवायला वाढावं लागत नाही, रात्री घरी सोडावं लागत नाही, असंही तो म्हणाला. सगळे हसले. ढोलवाला तर डोळे पुसेपर्यंत हसला. आणि बुरुलही हसली. कुबातचं बोलणं ती एक वेळ विसरली असती, पण आपण हसलो हे काही तिला विसरता येईना.

दुसऱ्या दिवसापासून तिला बोलावणं आलं नाही. कुणी भांडलंही नाही. हे आणखी वाईट.

जूनमध्ये जोलदोश घरी आला. तो ॲकॉर्डियन वाजवतो, त्याचा वृंद लहान, यंत्रं त्याला परवडत नाहीत. त्याचा बेसवाला रशियाला कामाला निघून गेला होता. बुरुल आली तर त्याला हवीच होती, मात्र गिटार तिची स्वतःची पाहिजे, तो कुठून आणणार? सप्टेंबरात त्युपला मोठं काम होतं. मुलीची पाठवणी, तीनशे पाहुणे. बुरुल चहा ओतता ओतता ऐकत होती. नवरा मुलगा कुणाचा, तिने उगाच विचारलं.

"तुझ्या कुबातचा धाकटा," जोलदोश म्हणाला.

बुरुलने ओतणं थांबवलं नाही. चहा वाटीच्या काठापर्यंत आला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धी वाटी चहा देतात, पुन्हा पुन्हा भरता यावी म्हणून. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे आता उठा.

"मला घालवतेस काय?" जोलदोशने विचारलं.

"नाही," बुरुल म्हणाली. "मी येते आहे."

तिच्या डोक्यात तेव्हाच सगळं बसलं होतं. पाठवणीच्या समारंभात वरपक्षाचे व्याही म्हणजे मुलीकडच्यांच्या हातातलं खेळणं. त्यांना गायला लावायचं, नाचायला लावायचं, चेष्टा करायची आणि त्यांनी रागवायचं नाही. रागावलेल्या व्याह्याचं नाव पुढे तीन पिढ्या निघतं. कुबात गाणार, हे तर नक्कीच होतं. त्याला मागून कोण वर उचलत होतं, हे त्याला तीनशे माणसांसमोर कळायला हवं होतं. बाकी तिला काही नको होतं.

पण त्यासाठी गिटार हवी. दोन मेंढ्या विकून बावीस हजार सोम आले. नवरा, मुकाश, मधमाश्या पाळतो. तो कमी बोलतो आणि बोलला की टोचतो. दोन मेंढ्यांना लोकर तरी होती, एवढंच तो म्हणाला आणि तिला पहाटेच्या गाडीत बसवून आला.

काराकोलहून राजधानीला, बिश्केकला, सहा-सात तासांचा रस्ता. नाही पटली तर परत करायला पुन्हा कोण जाणार? म्हणून जे काही पाहायचं ते दुकानातच पाहायचं, हे ती वाटेत स्वतःला बजावत होती. दुकानदाराचं नाव तालाय, पंचेचाळिशीचा, केसांची शेंडी बांधलेला. त्याने आधी लाल, चकचकीत, पाच तारांची काढली. आत बॅटरी, आवाज दणदणीत, किंमत उतरवून सव्वीस हजार.

"पाचवी तार कशाला?" बुरुलने विचारलं. "चार तारांवर आमच्याकडचे लोक एकोणीस वर्षं नाचले. आणि ऐन नाचात बॅटरी संपली तर मी काय तोंडाने वाजवू?"

तालाय हसला आणि त्याने बावीसच्या आतल्या चार समोर मांडल्या. एकीला लावायला वायर घेऊन वळला, तर ती म्हणाली, "नको. आधी वायर न लावता."

"एजे, वायरीशिवाय काय कळणार?"

"मला त्याची सवय आहे."

त्याने वायर खाली ठेवली. एजेला, म्हणजे ताईला, काहीतरी झालेलं आहे, एवढं त्याला समजलं असावं.

बुरुलने भाजी निवडावी तशा त्या चार गिटारी निवडायला घेतल्या. मानेच्या कडेवरून तळवा फिरवला. पहिलीच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं कातडीला लागली, ती बाजूला. दुसरीची मान डोळ्यासमोर आडवी धरून बंदुकीसारखी पाहिली. वाकलेली नव्हती. पण सातव्या घरात सूर दाबला की तो जन्मतःच मरत होता, बाकी सगळीकडे ठणठणीत. तालायला तिने ते तीन वेळा ऐकवलं, तेव्हा त्याला ऐकू आलं. तिसरी सुंदर होती, निळी, एकवीस हजारांची, आणि चार तास उभं राहून खांद्यावर ती पेलण्याजोगी नव्हती. चौथी मातकट तपकिरी, बिनचकाकीची, सतरा हजार पाचशेची. बुरुलने तिच्या लाकडाला जबडा टेकवला आणि जाड तार छेडली. कंप दातांपर्यंत आला.

मग प्रत्येक घर, प्रत्येक तार. बाराव्या घरात दाबलेला सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून काढलेला सूर जुळतो का, ते पाहिलं. जाड तारेवर जरासा फरक होता. तालायने पेचकस आणून तिच्यासमोर तो काढला. शेवटी वायर लावली. आवाजाचं बटण फिरवताना खरखर नाही ना, ते दहा वेळा बघितलं. त्या बटणाचं तिला फार अगत्य होतं. ते शांतपणे शून्यावर यायला हवं होतं.

एक खोट निघालीच. हात सोडला की गिटारचं डोकं जमिनीकडे झुकायचं. तालाय स्वतःहून म्हणाला की स्वस्तातल्या बऱ्याच गिटारींना हे असतं, पट्टा रुंद आणि खरखरीत घेतला तर थांबेल. दुकानातला तसा पट्टा अडीच हजारांचा. बुरुलने वायर घेतली, जास्तीच्या तारा घेतल्या, पट्टा राहू दिला. मुकाशने घरी जुन्या खोगिराचा तंग कापून पट्टा शिवून दिला. घोड्याच्या घामाचा वास त्या पट्ट्याला आजही येतो, पण गिटार जागची हलत नाही.

नवी वस्तू घरात आली म्हणताना शेजारपाजार बघायला आला. आमच्याकडे नवं काही पहिल्यांदा पाहिलं की पाहणाऱ्याने कोरुमदुक द्यायचं असतं, मग ती सून असो, तान्हं बाळ असो की शिलाई मशीन. कुणी जर्दाळू दिले, कुणी शंभर सोम पट्ट्यात खोचले, कढई वाकवणारीने लोण्याचा गोळा आणला. बुरुलने लोणी घेतलं. कढईचं मात्र मिटलं नाही. मुकाश म्हणाला, त्याचं कोरुमदुक तर दोन मेंढ्या होऊन आधीच बें बें करत गेलं.

उन्हाळाभर ती कुबातची गाणी वाजवत होती. वाजवायला नव्हे, सोडायला शिकत होती. कुठल्या ओळीवर बटण शून्यावर आणायचं, वायर कशी काढायची की स्पीकरमध्ये फट्कन आवाज होणार नाही. जोलदोशला तिने ऑगस्टमध्ये सांगितलं. तो बराच वेळ ॲकॉर्डियनच्या घड्या पुसत राहिला. मुलीचा समारंभ आहे, त्याने बजावलं. तिने कबूल केलं, फक्त एक कडवं. ॲकॉर्डियनच्या डाव्या हाताला खर्जाची बटणं असतात, तो हातही त्या कडव्यात उचलायला लागेल, हे जोलदोशला स्वतःच सुचलं. म्हणजे त्याचीही इच्छा होतीच.

त्युपच्या दालनात दुपारपासून पाहुणे भरले. कुबात व्याह्यांच्या रांगेत पुढे, नवी उंच टोपी, खांद्यावर आत्ताच मुलीकडच्यांनी पांघरलेला मखमली अंगरखा. बुरुल दिसल्यावर क्षणभर थबकला, मग लांबूनच हात हलवला. त्याला गायचा आग्रह झाला तेव्हा त्याने दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्या वेळी ताडकन उठला. माईक हातात आल्यावर त्याला राहवेना. बुरुलच्या गिटारकडे वळून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "अरे वा, नवी दिसतेय. या वेळी वायर लावली आहे ना, बुरुल?"

हसू उसळलं. या वेळी बुरुल हसली नाही. तिने नुसती मान डोलावली. "नवी" हा शब्द माईकवर आला होता, तो तिने नीट जमा करून घेतला.

पहिलं कडवं तिने मन लावून वाजवलं. दुसऱ्या ओळीचा वरचा सूर आधीच तारेवर ठेवला, कुबात त्याच्यावर चढला, म्हाताऱ्यांनी वाहवा केली. नाचाची मधली जागा भरली, विहिणी नाचायला उठल्या. दुसऱ्या कडव्याच्या तोंडावर तिने बटण शून्यावर आणलं, वायर काढली आणि तिचं टोक मुठीत धरून उभी राहिली. जोलदोशचा डावा हात सैल पडला.

आवाज काही बंद झाला नाही. ढोल होता, ॲकॉर्डियन होतं, कुबात होता. पण सगळं जमिनीपासून वीतभर वर गेल्यासारखं झालं. नाचणाऱ्यांचे पाय आपसूक लहान पडू लागले. एक आजी थांबली आणि काही विसरलं की काय, तशी इकडेतिकडे बघू लागली. मग दुसरी थांबली. कुबातने माईकवर टिचकी मारली, मग आवाज वाढवला. दुसरी ओळ आली, वरचा सूर आला, आणि त्याने सवयीने पाय टाकला तिथे पायरी नव्हती. तो सूर इतका खाली पडला की मुलीकडची पोरं तोंडावर हात ठेवून वाकली. तिसऱ्या ओळीत तो आणखी भरकटला आणि थांबला. नाचाची जागा रिकामी झाली होती.

कुबात मागे वळला. बुरुलच्या मुठीतून वायरीचं टोक बाहेर डोकावत होतं. तो त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर समज हळूहळू चढत गेली, अगदी कानांपर्यंत. बुरुलने ते सगळं पाहिलं, घाई न करता.

मग ती ढोलवाल्याच्या माईककडे झुकली. "कुबात-आके, नवं वाद्य पाहिलंत. तोंडाने म्हणालातही. कोरुमदुक द्या."

दालनाला वाटलं, व्याह्याची चेष्टा चालली आहे. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, कोरुमदुक, कोरुमदुक. कुबातने हसण्याचा प्रयत्न करत पाकीट काढलं आणि हजाराची नोट पुढे केली. टाळ्या वाढल्या. बुरुलने मान हलवली.

"पैसे नकोत," ती म्हणाली. "वायर लावा."

तिने वायर जमिनीवर, आपल्या बुटांपाशी सोडली. व्याह्याला नाही म्हणता येत नाही. कुबात मखमली अंगरखा सावरत वाकला. टोपी पुढे घसरली, ती एका हाताने धरली, दुसऱ्याने वायर उचलली. भोक सापडेना. बुरुलने गिटार तसूभरही पुढे केली नाही. शेवटी तो एका गुडघ्यावर टेकला, तेव्हा टक् असा आवाज झाला. तिने बटण वर नेलं आणि सगळ्यात जाड तार एकदाच छेडली. टेबलांवरचे पेले किणकिणले.

जागा पुन्हा भरली. मुलीने त्या दिवशी इतका नाच केला की आईला तिचा शिरपेच तीनदा बसवावा लागला. बुरुलने एकही सूर चुकवला नाही.

निघताना कुबात गाडीपाशी आला. अंगरखा हातावर, आवाज बसलेला. पूर्वीसारखं चालू करू, असं म्हणाला. मागचं मनात ठेवू नकोस. परत ये.

"मी तुमच्याकडेच आहे की," बुरुल म्हणाली. "यंत्रात. वायर लावून घ्या म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाजारात जाऊन आशलान-फूच्या थंड शेवयांच्या दोन वाट्या खाल्ल्या, वरून लाल तिखट घालून. विकणारी म्हणाली, आज फार भूक लागलेली दिसते. बुरुलने तिसरी वाटी मुकाशसाठी बांधून घेतली आणि वाटेत तीही थोडी चाखली.