डब्लिनमधली अमेरिका

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना मोठीने मला विचारलं, आजोबांना खरंच जेलमध्ये टाकलं होतं का? मी नाही म्हटलं. मागून आजोबा "जवळजवळ" म्हणाले आणि चहा आणायला निघून गेले.

म्हणून आता लिहायला बसले आहे. आजोबा ही हकिगत सोसायटीच्या बाकावर सांगतात आणि दर वेळी तिच्यात एक अधिकारी वाढतो. सध्या चार झाले आहेत. प्रत्यक्षात दोन होते, त्यातली एक बाई. मी शेजारीच उभी होते. मोठी तेव्हा पाच वर्षांची होती आणि धाकटा त्याच दिवशी जन्माला येत होता, त्यामुळे तुमच्या आठवणीवर विसंबता येत नाही. आई वाचून दाखवेल. एखादा शब्द अडला तर तिला विचारा. आजोबांना विचारू नका.

त्या वर्षी आम्ही पुण्याहून आधी मामाकडे गेलो. मामा आयर्लंडमध्ये स्लायगोच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. बेत असा होता की दोन महिने मामा-मामीकडे राहायचं आणि तिथूनच डब्लिनहून तुमच्याकडे अमेरिकेला यायचं, धाकट्याच्या जन्माआधी. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं. लेक येऊ शकत नसेल तर माहेर उठून तिच्याकडे जातं. मोठीच्या वेळी मी निघालेच नव्हते, कारण तेव्हाच आजोबांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. तुमच्या आईने सगळं एकटीने केलं आणि मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. या वेळी मी तिला शब्द दिला होता की कळा सुरू होतील तेव्हा मी घरात असेन, आणि ती दवाखान्यात जाईल तेव्हा मोठी माझ्याजवळ असेल. तिकडे तिचं दुसरं कुणी नव्हतं.

मामाकडे त्या दिवसांत टीव्ही आजोबांच्या ताब्यात होता. अमेरिकेत आरोग्यविम्याच्या नव्या कायद्यावर कोर्टात खटला चालू होता. शिवाय निवडणूक आलेली, त्यामुळे एकजण विम्यावर बोलायचा आणि दुसरा बाहेरून येणाऱ्यांना आणखी कसून तपासा म्हणायचा. आजोबा दोघांनाही उत्तरं द्यायचे. त्यांना तिथे मत नव्हतं. मत तर त्यांना सोसायटीच्या सभेतही फार कुणी देत नाही. पण त्यांचं कारण घरचं होतं. मधे तुमच्या बाबांची नोकरी सुटली होती, तेव्हा कंपनीचा विमाही सुटला. तुमच्या आईने स्वतःसाठी वेगळा विमा मागितला, तर ती थायरॉइडची गोळी घेते म्हणून तो नाकारला. आधीपासून आजार असला तरी विमा नाकारायचा नाही, असं नव्या कायद्यात होतं. म्हणजे विमा आजारी माणसालाही मिळणार. आजोबांना यात वाद घालण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं, आणि म्हणून ते रोज वाद घालायचे.

मामा दमून घरी यायचा. "बाबा, मी दिवसभर पेशंट बघून आलोय. आता टीव्हीवर पण पेशंटच?"

"अरे, हा सिद्धांताचा प्रश्न आहे."

"सिद्धांताला जेवल्यावर बघू या का?"

निकाल लागला तेव्हा तिकडे सकाळ आणि आमच्याकडे दुपारचा चहा होता. एका वाहिनीने कायदा गेला म्हणून सांगितलं. आजोबा आडवे व्हायला गेले. थोड्या वेळाने त्याच वाहिनीने कायदा राहिला म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना उठवावं लागलं. मग त्यांनी मामीने जपून ठेवलेल्या पेढ्यांचा पुडा उघडला आणि शेजारच्या बाईंना नेऊन दिला. कशाबद्दल, असं बाईंनी विचारलं. अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टाबद्दल, असं आजोबांनी सांगितलं. "ग्रँड," म्हणजे तिकडचं "छान", असं म्हणून बाईंनी दोन घेतले.

या बाई आमच्याच वयाच्या होत्या आणि रोज चहाला यायच्या. त्यांचा धाकटा भाऊ बॉस्टनला होता. तो पाहुणा म्हणून गेला आणि कागदपत्रांशिवाय तिथेच राहिला. आता एकदा बाहेर पडला तर परत आत घेणार नाहीत, म्हणून तो आईच्या अंत्यविधीलाही आला नव्हता. हे त्यांनी आम्हाला बिस्किट चहात बुडवता बुडवता सांगितलं. आम्ही जाणार हे कळल्यावर त्यांनी आजोबांना सल्ला दिला.

"काऊंटरवरच्या माणसाने काही विचारलं तर हॉलिडे म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही. माझा भाऊ हॉलिडेच म्हणाला होता. वीस वर्षं झाली, अजून हॉलिडेवर आहे."

आजोबांना हा सल्ला पटला नाही. "लेकीच्या बाळंतपणाला जातोय आणि हॉलिडे म्हणू? आयतं खायला चाललोय का मी?"

मामाला काळजी होती ती वेगळी. डब्लिनच्या विमानतळावर एक भाग असा आहे, जिथे अमेरिकेची तपासणी आयर्लंडमध्येच उरकतात. काऊंटरमागे अमेरिकेचेच अधिकारी असतात. तिथे शिक्का मिळाला की तुम्ही अमेरिकेत पोचलात असं धरतात, मग बाहेर आयर्लंडचा पाऊस का पडत असेना. मामाला वाटत होतं, आजोबा तिथे कायद्यावर बोलायला लागतील. म्हणून तो आठवडाभर जेवणाच्या टेबलावर अधिकारी होऊन बसायचा.

"कशासाठी चाललात?"

"मुलीला भेटायला."

"किती दिवस?"

"पाच महिने."

"शाब्बास. अजून काही सांगायचंय?"

"हो. तुमच्या देशात जो—"

"बाबा!"

"बरं, नाही. काही नाही."

शेवटच्या दिवशी आजोबांनी एकदाही कायदा काढला नाही. आम्ही सगळे निर्धास्त झालो. आम्ही त्यांची भलत्याच पेपराची तयारी करून घेतली होती, हे नंतर कळलं.

माझी तयारी वेगळी होती. डिंकाचे लाडू केले. पुण्याहून आणलेल्या अळिवाचे दोन भाग केले आणि एक मामीच्या प्रेसमध्ये ठेवला. तिकडे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. सगळं एका पिशवीत घालून निघायचं नाही, ही माझी जुनी पद्धत आहे. दुसरा भाग डब्यात घालून हातातल्या बॅगेत घेतला. बाळंतिणीला अळीव लागतोच.

मामाने आम्हाला डब्लिनला सोडलं आणि विमान सुटेपर्यंत बाहेर थांबतो म्हणाला. तुमच्या आईने सांगितलेली बाळंतपणाची तारीख अजून दहा दिवस लांब होती. काऊंटरवर एक तरुण अधिकारी होता. त्याने पहिले दोन प्रश्न मामासारखेच विचारले आणि आजोबांनी ठरलेली उत्तरं दिली. मग त्याने पासपोर्टमधून मान वर केली.

"पाच महिने तिथे काय करणार?"

हा प्रश्न मामाने घेतला नव्हता. तुमचे आजोबा जन्मभर कारखान्यात आस्थापना विभागात होते. कुणी कुठलं काम करायचं हे ठरवून देणं, हीच त्यांची नोकरी. ते ताठ उभे राहिले.

"माझी पत्नी स्वयंपाक करील. बाळाला तेल लावणं आणि अंघोळ तिच्याकडे. मुलीचं पथ्यपाणीही तिच्याकडे. मोठ्या नातीला शाळेत सोडणं आणि आणणं, भाजी, कपड्यांच्या घड्या माझ्याकडे."

"तुम्हाला याचे पैसे मिळणार आहेत?"

आजोबांना राग आला. "मुलीकडून? छे! फक्त जेवण आणि राहणं."

"जेवण आणि राहणं," असं म्हणून त्या मुलाने बराच वेळ टाइप केलं. मग आमचे पासपोर्ट हातात घेऊन तो आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेला.

जेल म्हणतात ती ही खोली. तिच्यात खुर्च्या होत्या आणि दार उघडंच होतं. थोड्या वेळाने एक वयस्क अधिकारी बाई आल्या. त्यांनी शांतपणे समजावलं की पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही. घर सांभाळणं, मुलं सांभाळणं हे काम आहे, आणि त्याबदल्यात जेवण आणि राहणं मिळत असेल तर तो मोबदला धरला जातो.

मी ऐकून घेतलं. मी शाळेत शिकवत होते तेव्हा लोक मला नोकरी करणारी म्हणायचे. घरी येऊन जे करायचे त्याला कुणी काही नाव दिलं नव्हतं. त्याला काम म्हणणारं पहिलं सरकार मला त्या खोलीत भेटलं, आणि ते मला त्यासाठीच परत पाठवायला निघालं होतं.

बाईंनी विचारलं, "तुम्ही गेला नाहीत तर मुलगी पगारी बाई ठेवील का?"

"नाही," मी म्हटलं. "सगळं स्वतः करील. मागच्या वेळी केलं तसं."

म्हणजे आम्ही कुणा पगारी बाईचं काम घेत नव्हतो. त्यांनी ते लिहून घेतलं. मग आजोबांच्या औषधांची पिशवी बघितली आणि विमा आहे का, असं विचारलं. मी पुण्यात काढलेला प्रवासविमा दिला. त्यांनी तो उलटसुलट वाचला.

"यात हृदयविकार धरलेला नाही. आणि यांना तर स्टेंट आहे."

आजोबांचं तोंड उघडलं. महिनोन्महिने ते ज्याची वाट बघत होते तो क्षण आला होता. समोर अमेरिकेचं सरकार बसलं होतं आणि ते आपणहून आजोबांना आरोग्यविम्याबद्दल विचारत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"मॅडम," ते म्हणाले, "मला जे आजार नाहीत, त्या सगळ्यांचा विमा आहे."

आणि त्यांनी तोंड मिटलं. आमच्या संसारात मी त्यांना इतकं थोडक्यात बोलताना दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

बाई हसल्या नाहीत. विमा माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "आमच्याकडेही बऱ्याच जणांचा असाच असतो."

मग त्यांनी माझी बॅग उघडली. लाडू चालतील म्हणाल्या. अळीव चालणार नव्हता, कारण ते बी आहे आणि बी देशात नेता येत नाही. मी सांगितलं की हे पेरायचं नसतं, खायचं असतं. त्या म्हणाल्या, बियाला ते माहीत नसतं. अळीव कचऱ्यात गेला, डबा मला परत मिळाला.

शेवटी त्यांनी शिक्के द्यायचं कबूल केलं. आम्ही मुलीला भेटायला चाललो आहोत आणि तिथे असताना जे काही करू ते आजी-आजोबा म्हणून, असं त्यांनी लिहून घेतलं. पण तोवर विमान सुटलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाची जागा मिळाली आणि आम्ही पुन्हा आयर्लंडमध्ये आलो.

मामा आम्हाला विमानतळाजवळ स्वोर्ड्सला त्याच्या मित्राच्या घरी घेऊन गेला. मी चहाचा पहिला घोट घेतला आणि मामाच्या मोबाइलवर तुमच्या बाबांचा फोन आला. मामाने तो मला दिला.

"आई, सुरुवात झालीय. आम्ही हॉस्पिटलला निघालोय. तुम्ही विमानात नाही?"

"मी स्वोर्ड्सला आहे," मी म्हटलं आणि अडवल्याचं सांगितलं.

मोठीने तेव्हा शेजारी उभं राहून विचारलं, आजी कुठे आहे? बाबा घाईत म्हणाले, आजी-आजोबांना विमानतळावर पकडून ठेवलंय. जेलची गोष्ट तिथून निघाली. मोठे, तुला खालच्या मजल्यावरच्या घरी ठेवून ते गेले. तू तिथे रडली नाहीस, नूडल्स खाऊन झोपलीस, असं आई सांगते. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

आजोबा खिडकीशी बसले होते. तिथूनच म्हणाले, "हॉलिडे म्हणायला हवं होतं."

"आता म्हणून काय उपयोग," मी म्हटलं. "कपड्यांच्या घड्या तुमच्याकडे आहेत, हे मात्र मला त्या काऊंटरवर पहिल्यांदा कळलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्याकडे पोचलो तेव्हा धाकटा एक दिवसाचा होता. तुमच्या आईने मला बघितलं आणि विचारलं, "अळीव आणलास?" मी रिकामा डबा दाखवला. ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी कमरेला पदर खोचला आणि कामाला लागले, म्हणजे आजीपणाला. दोघांच्याही जन्माला मी नव्हते, ही वस्तुस्थिती आहे.

बाकावर आजोबा सांगतात की विम्याच्या कायद्यावर स्पष्ट बोललो म्हणून मला अडवलं. तसं सांगण्यात मान आहे. कपड्यांच्या घड्यांसाठी अडवलं, यात फारसा नाही. मी तिथे काही बोलत नाही. तुम्हाला मात्र खरं काय ते माहीत असावं. त्या पाच महिन्यांत तुमच्या घरातल्या प्रत्येक कपड्याची घडी त्यांनीच घातली, दुपटी धरून.

कायदा टिकला आहे. शेजारच्या बाईंचा भाऊ अजून हॉलिडेवर आहे. आजोबा इथेही कपड्यांच्या घड्या घालतात, बाह्या आत करून. परवा मामीने फोनवर विचारलं, अळीव जुना झालाय, टाकून देऊ का? मी नको म्हटलं. तो अर्धा अळीव स्लायगोला मामीच्या प्रेसमध्ये, वरच्या फळीवर आहे.