तिसऱ्या हाकेपर्यंत

कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्रीचा कागद माझ्यापुढे धरला. ऑडिओमेट्री म्हणजे हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की आपण बटण दाबायचं. डॉक्टर म्हणाले, "ताई, कान ठणठणीत आहेत. तुम्हाला जी हाक ऐकू येते, ती बाहेरून येतच नाही."

मग कुठून येते, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ऑडिटरी हॅल्युसिनेशन. म्हणजे बोलणारं कुणी नसताना ऐकू येणं. खाली नगरच्या एका सायकियाट्रिस्टचं नाव लिहून दिलं.

मी सुमन. घरी ब्लाउज शिवते. श्रीरामपूरपासून एसटीनं पाऊण तासावर आमची वस्ती आहे. पुढं घर, बाजूला कांदे साठवायची चाळ, मागं न्हाणी आणि गोठा. रोज बारा-साडेबाराला मशीन चालू असताना मागून माझ्या सासूबाईंचा आवाज यायचा. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. "सुमन." मग जरा थांबून, "ए सुमन." एवढंच. आत्याबाईंना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

हाकेपेक्षा तिच्यानंतरची शांतता वाईट. वारा पडलेला, कोंबड्या गप्प, आणि मागं कुणीतरी उत्तराची वाट बघत उभं आहे असं वाटायचं. दारातला कुत्रा नेमका त्याच वेळी उठायचा आणि मागच्या भिंतीकडं तोंड करून बसायचा. त्याचं काय कारण, हे मला अजून एकाही डॉक्टरनं सांगितलेलं नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाहेरचं हाय बाई, दाखवून घे." मी म्हटलं, आधी आतलं दाखवून घेते. सायकियाट्रिस्टांनी थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह आणि एमआरआय करायला लावलं. एमआरआयच्या नळकांड्यात ठोकल्यासारखा एवढा आवाज होतो, पण मला त्यातही हाक ऐकू येईल की काय म्हणून मी अंग चोरून पडले होते. आली नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. कधी नव्हे ते माझ्यात खोट निघावी असं मला वाटत होतं.

त्यांनी झोपेची गोळी दिली आणि सरळ सांगितलं, "गोळीनं झोप येईल. बाकीचं बोलूनच सुटेल. थेरपिस्ट गाठा." सायकियाट्रिस्ट औषध देतो, थेरपिस्ट आपल्याशी बोलतो, हा फरक मला तेव्हा कळला. तुम्हालाही माहीत नसला तर लाजू नका.

पहिले थेरपिस्ट नगरचेच, तरणे, गुळगुळीत टेबलाचे. मी म्हटलं, "आमच्याकडं भर दुपारी हाक आली तर..." त्यांनी तिथंच तोडलं. "अहो, अजून हे मानता?" पुढचा पाऊण तास अंधश्रद्धेवर व्याख्यान. ते बरोबरच बोलत होते. पण मला जे सांगायचं होतं, ते "तर"च्या पुढं होतं. मी परत गेले नाही.

दुसऱ्या थेरपिस्ट मोबाईलवर भेटणाऱ्या. दार लावून मशीनपाशी बसायचं आणि पडद्यावर त्यांच्याशी बोलायचं. फार गोड बाई. दहा मिनिटांत म्हणाल्या, "यात तुमची काहीच चूक नाही." मी मनात म्हटलं, बाई, चूक काय ते अजून मी सांगितलंसुद्धा नाही. ऐकून घेण्याआधीच माफी मिळाली की ती अंगाला लागत नाही. त्यांनी शिकवलेला दीर्घ श्वास मात्र अजून उपयोगी पडतो.

दोघांनंतर मी ठरवलं, आपल्या नशिबात हे असंच. सायकियाट्रिस्टांनी फोनवर दटावलं, "चप्पल चावली तर दुसरी बघता की नाही? अनवाणी थोडंच फिरता?" आणि श्रीरामपूरच्या रूथबाईंचं नाव दिलं.

गुरुवारी बाराची वेळ होती. बाहेरच्या खोलीत मी आणि एक म्हातारे गृहस्थ, दोघंच. आतलं दार थोडं किलकिलं झालं आणि आवाज आला, "सुमन."

मी उठले नाही.

"सुमन." शेजारचे गृहस्थ माझ्याकडं बघायला लागले. बारा वाजून गेले होते, दाराआड कोण आहे ते दिसत नव्हतं. मग दार पूर्ण उघडून एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई बाहेर आली. "सुमन तुम्हीच ना?" तेव्हा कुठं मी उठले.

आत बसल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्या दोन हाका ऐकू आल्या होत्या?"

"हो."

"मग तिसरीपर्यंत का थांबलात?"

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. आणि मी बोलायला लागले.

मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनीच शिकवलं होतं. "भर दुपारी कुनी हाक मारली तर लगेच ओ देऊ नगं. आपलं मानूस असलं तर तिसऱ्यांदा हाक मारतंच. दुसरं काई असलं तर दोनदाच मारतं." वीस वर्षं मी ते पाळलं. आमच्याकडं खूप जणी पाळतात.

त्या दुपारी मागून हाक आली, "सुमन." मी मशीनवरचा पाय थांबवला. "ए सुमन." मी तिसरीची वाट बघितली. आली नाही. मी पुन्हा मशीन सुरू केलं. एक अख्खी बाही शिवून झाली. मग पाणी आणायला मागं गेले तर आत्याबाई न्हाणीच्या दारात पडलेल्या. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. ऐकू आलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. त्यांची आई होती ती.

रूथबाई म्हणाल्या, "तिसरी हाक मारायची ताकदच उरली नाही तर काय करायचं, हे त्यांनी शिकवलं होतं?"

"नाही."

"चूक झाली, सुमनताई. झाली नाही असं मी म्हणणार नाही. पण ती विश्वासानं झालेली चूक आहे. आणि विश्वास त्यांच्यावरच ठेवला होता."

मी इतकी रडले की बाहेरच्या गृहस्थांना खूप वेळ ताटकळावं लागलं. रूथबाई म्हणजे आपलं माणूस, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्हालाही असंच कळेल. आपण जिथं अडतो, तिथं न थांबवता "पुढं काय झालं?" म्हणणारा माणूस भेटेपर्यंत शोधा.

हाक एकदम गेली नाही. चार दिवसांनी, मग आठवड्यानं यायला लागली. रूथबाई म्हणाल्या, "आता घरात सांगायला हवं. तयारी झाली की." तयारीला दोन महिने लागले.

एका दुपारी आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, चाळीत कांदे निवडत होते. मी समोर जाऊन बसले आणि खाली बघूनच सगळं सांगितलं. हाका, मशीन, बाही, रूथबाई. ओरडतील, उठून जातील, कायमचे बोलायचे थांबतील, सगळं मी धरून चालले होते.

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. "दोनदाच मारली," ते म्हणाले.

मी वर बघितलं.

"मी हितंच हुतो, चाळीत. मलाबी ऐकू गेली हुती. तुजं नाव घेत हुती, म्हनून म्हनलं तू जाशील. आन् तिसरी येती का ते बघत बसलो."

एका अंगणात, वीस पावलांवर, आम्ही दोघं एकाच वेळी कान देऊन गप्प बसलो होतो. आणि नंतर वर्षभर एका ताटात जेवून एकमेकांपासून ते लपवत होतो.

"त्या बाई मला बोलू देतील का?" त्यांनी विचारलं.

आता आम्ही दोघं जातो. आपलं ज्ञान बाजूला ठेवून आधी माझं ऐकून घेतलं, यासाठी मी रूथबाईंची जन्मभर ऋणी आहे. पहिल्या दिवशी मालक खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोंडातून शब्द फुटायच्या आधीच हुंदके द्यायला लागले. आई गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. सगळे म्हणाले होते, किती खंबीर आहे.