तांदळातलं नाव

बाळ रांगेतच निळं पडलं. आधी ओठ, मग नखं. रडत होतं, ते एकदम थांबलं. मी ओरडले तसा खिडकीतला कारकून उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. जावयांनी बाळाला माझ्या हातातून घेतलं आणि आम्ही रिक्षाकडे पळालो.

मलकपेठच्या त्या कार्यालयात आम्ही नातवाचा जन्मदाखला दुरुस्त करून घ्यायला गेलो होतो. त्याच्या हृदयाला भोक होतं. ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार होतं, पण त्यासाठी त्याचं नाव बापाच्या रेशनकार्डावर हवं होतं. ते चढवायचं तर जन्मदाखल्यावर आईचं नाव कार्डावरचंच पाहिजे. आमचं तिथंच अडलं.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीनं नवं नाव लिहितो. माझंही असंच बदललं. माझ्या मुलीचं नाव दिलसुखनगरला सासरी बदललं आणि कार्डावर तेच लागलं. आधार मात्र माहेरच्या नावाचंच राहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती माझ्याकडे आली होती. दवाखान्यात आधार पाहून नाव लिहिलं. बाळ झालं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. जन्माच्या आणि मृत्यूच्या, दोन्ही दाखल्यांवर माहेरचंच नाव आलं.

कारकून तेलुगू होता. त्याला हे पटेना.

"हमारे में घर का नाम, मतलब सरनेम, बदलता अम्मा. लड़की का नाम कैकू बदलते?"

"बदलते. रिवाज है."

"तो बच्चा एक औरत का, और मियाँ दूसरी का?"

"मरी सो एक्कीच है," मी म्हणाले.

मागे कुणीतरी हसलं. तो हसला नाही. माणूस वाईट नव्हता. त्यानं अर्ज घेतला, पण दुरुस्तीचं पान त्याच्या संगणकावर उघडतच नव्हतं. ते वरच्या साहेबाच्या अंगठ्यानं उघडायचं आणि साहेबाकडे दुसरीही कार्यालयं होती. साहेब आले की सर्व्हर नसायचा. सर्व्हर असला की साहेब नसायचे. सेवाकेंद्रातले म्हणायचे, कार्यालयात जा. संगणकावरची बाई कंत्राटी होती, ती मध्येच सोडून गेली. नवीला कुणी काही शिकवलंच नव्हतं. ती आमच्यासमोर एकेक बटण भीत भीत दाबायची.

जावयांनी लग्नाचा फोटो नेला. त्यात ताट होतं, तांदूळ होते, नाव स्वच्छ दिसत होतं. कारकुनानं फोटो डोळ्यांजवळ धरला.

"लिखा तो है अम्मा. पन सिस्टम में फोटो का खाना नई है."

बाळ निळं पडलं त्या दिवशी साहेब येणार म्हणून आम्हाला बोलावलं होतं. बाळाला घरी कुणापाशी ठेवणार, म्हणून बरोबर नेलं. साहेब आलेच नाहीत आणि संगणक सकाळपासून बंद होता.

दवाखान्यात बाळाच्या नाकाला नळी लावली. ऑपरेशन आता लांबवता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. योजनेच्या टेबलावरच्या माणसानं कार्ड मागितलं.

"मामी, आता यांना काय सांगू?" जावई म्हणाले.

"काय झालं ते सांगा. रडू नका, कळायचं नाही त्यांना."

त्यांनी सांगितलं, फोटोही दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तो नीट पाहिलासुद्धा नाही. त्या टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, "कागद मागून येतील. सही माझी घ्या." आणि आत गेल्या.

कागद अजून आलेले नाहीत. दुरुस्ती अजून साहेबाकडेच आहे. कारकुनाचीही बदली झाली. नवा विचारतो, मूल नक्की कुणाचं?

मुलगी गेली. नातू जगला. मी आहे.